टॅमरॅकच्या धक्क्यावरचा दोर

१

नऊला पाच मिनिटं कमी असताना आर्डिथ ट्रस्डेलने आपली पत्र्याची होडी टॅमरॅक बेटाच्या धक्क्याला लावली. गार्नेट पर्विसने नऊला बोलावलं होतं आणि तिला उशीर खपत नसे. पण गार्नेट धक्क्याच्या फळ्यांवर आडवा झाला होता आणि त्याच्यावर बोटीची निळी ताडपत्री टाकलेली होती. ताडपत्रीखालून त्याचे ओले बूट तेवढे दिसत होते.

आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता. "उद्या नऊला टॅमरॅकवर ये," तो म्हणाला होता. "त्या संध्याकाळबद्दल बोलायचंय. फोनवर नको." आर्डिथने खोदून विचारलं नाही. ती संध्याकाळ कुठली, हे नदीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

चौदा वर्षांपूर्वी जुलैच्या तिसऱ्या शनिवारी, दिवे लागायच्या सुमारास, गार्नेटची बोट कनूवर, म्हणजे एका लहानशा वल्ह्याच्या होडीवर, भरधाव चढली होती. कनूत मारेन कास्क नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. तिला पाण्यातून वर काढलं ते आर्डिथने. तेव्हा ती नदी-पोलिसांत होती. बोटीत दोघंच होते. सुकाणूच्या खुर्चीत गार्नेट, दारूने तर्र, मान टाकून पडलेला, आणि मागे त्याचा जिवलग मित्र वेंडेल कॉर्कम. आर्डिथने दिसलं ते लिहिलं आणि सही केली. गार्नेट दोन वर्षं आत गेला. बाहेर आल्यावर त्याने थेंबालाही स्पर्श केला नाही. ज्या बाईने त्याला आत पाठवलं, तिच्याशीच पुढे त्याची मैत्री जमली. माणसाचं काही सांगता येत नाही.

त्याच्या मुलीला, थीयाला, मात्र बापावर विश्वास ठेवायला चौदा वर्षं लागली. याच वसंतात आर्डिथ तिच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली होती, "तुझी लेक त्याच्या बोटीतून खुशाल फिरू दे. तो पुन्हा प्यायला तर मला जाब विचार."

आता थीया जाब विचारायला आली होती. पोलिसांच्या लाँचमधून उतरून ती ताडपत्रीजवळ उभी राहिली. रडत नव्हती.

"त्यांच्या बोटीच्या केबिनमध्ये राय व्हिस्कीची अर्धी बाटली आहे," तरुण कॉन्स्टेबल हॅल्डेन म्हणाला. "जाकिटाला वास मारतोय. प्यायला, पाय घसरला, कपाळ धक्क्याच्या कडेवर आपटलं. वाईट झालं, पण सरळ आहे."

थीयाने आर्डिथकडे पाहिलं. "तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता."

"ते प्यायले असतील तर मी त्यांना पुरायलाही उभी राहणार नाही. रक्ताचा अहवाल यायला तीन आठवडे लागतील म्हणतात. मी तीन आठवडे थांबणार नाही. बारा वाजता लाँच परत जाईल, तिच्यातून मी जाईन."

आर्डिथने घड्याळ पाहिलं. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

२

हॅल्डेन पोरगा वाईट नव्हता. जाकीट बघ, पण तो वास विसरून बघ, असं आर्डिथने त्याला सांगितलं. ती स्वतःही तेच करत होती. जाकीट केबिनच्या बाकावर कोरडंच पडलं होतं. म्हणजे गार्नेट पाण्यात पडला तेव्हा ते त्याच्या अंगावर नव्हतं. आणि कॉलरपासून खिशापर्यंत त्यावर राय ओतलेली होती. बाकाची गादीही भिजली होती.

आर्डिथने आयुष्यात ढीगभर दारुडे पाहिले होते. एक तर तिच्या घरातच होता, तिचा बाप. पिणाऱ्याच्या हातून जेवण सांडेल, पोर सांडेल, पण बाटली सांडायची नाही. चौदा वर्षांनी ज्याने पहिला घोट घेतला, तो निम्मी बाटली कपड्यांना पाजेल, हे तिला पटेना. पण हे बारा वाजेपर्यंत कुणापुढे मांडण्याजोगं नव्हतं. नुसता वासावरचा वाद होता.

ती गार्नेटच्या बोटीवरून धक्क्यावर उतरली आणि सवयीने खाली पाहिलं. उतरताना तिला ढांग टाकावी लागली होती. मग ती उकिडवी बसली आणि बराच वेळ उठली नाही.

एकटा माणूस बोट धक्क्याला लावतो तेव्हा दोराचा विणलेला फास धक्क्याच्या लोखंडी खुंटीत अडकवतो आणि मोकळं टोक बोटीवर ओढून बांधतो. निघताना मग बोटीतूनच सुटता येतं. गार्नेट बायको गेल्यापासून एकटाच हिंडायचा, आणि तो दुसऱ्या कुठल्या पद्धतीने बांधत नसे. इथे सगळं उलटं होतं. फास बोटीवर होता, मोकळं टोक धक्क्यावर बांधलेलं होतं आणि उरलेला दोर फळ्यांवर गोल वळसे घालून नीट मांडलेला होता. म्हणजे गार्नेटने बोटीतून दोर फेकला आणि धक्क्यावरच्या कुणीतरी तो झेलून बांधला.

यात नवल काहीच नव्हतं. बोट येताना दिसली की हातातला घास ठेवून उठायचं आणि तिचा दोर घ्यायचा, ही नदीची रीतच होती. वैऱ्याचाही दोर घेतात. आणि त्या रीतीला जोडून दुसरीही रीत होती, जी कुणी बोलून दाखवत नाही. समोरच्याने बांधलेलं तुम्हाला आवडलं नाही तरी त्याच्यादेखत सोडायचं नाही. आभार मानायचे, हवापाण्याच्या दोन गोष्टी करायच्या, तो आपल्या बोटीवर गेला की मुकाट्याने आपल्या पद्धतीने बांधून घ्यायचं. गार्नेट तर यात फार काटेकोर होता. दोर घेणारा केबिनमध्ये शिरून दिसेनासा होईपर्यंत तो खुंटीला हात लावत नसे. आर्डिथने हे शंभरदा पाहिलं होतं.

पण आज त्याने बांधून घेतलं नव्हतं.

"तुम्हा तिघांपैकी सकाळी गार्नेटचा दोर कुणी घेतला?" रात्रीपासून धक्क्याला लागलेल्या तीन बोटींवरच्या माणसांना तिने उठून विचारलं.

तिघांनीही नाही म्हणून सांगितलं.

३

तिघांच्या तीन बोटी होत्या. आर्डिथ एकेका बोटीवर जाऊन बसली. चौकशी म्हणून नव्हे. नदीवर कुणी कॉफी दिली की बसायचं असतं.

पहिला रेजां लाफोर्ज, मोंट्रियलचा. भाड्याची बोट, दुप्पट मोठं इंजिन आणि नदीचं शून्य ज्ञान. मागच्या आठवड्यात हा बेटाजवळून सुसाट गेला होता, गार्नेटच्या केबिनमधली भांडी पडली होती आणि दोघांची जुंपली होती. हे त्याने स्वतःच सांगून टाकलं.

"त्याने मला गाढव म्हटलं. मी त्याला म्हातारं गाढव म्हटलं. एवढ्यावरून कुणी कुणाचा जीव घेतो का, बाई?"

त्याची बोट धक्क्याला इतक्या गाठी मारून बांधली होती की सुटायला सुरी लागली असती. आर्डिथने विचारलं, पहाटे काही ऐकलंस का. त्याने ऐकलं होतं. पाचला इंजिनचा आवाज आला, मग बंद झाला. तो कूस बदलून पडला, पण झोप लागली नाही, म्हणून घड्याळ बघत राहिला. पाच वीसला धप्प आवाज आला. बोटीचा रबरी फुगा धक्क्यावर आपटला असेल, असं त्याला वाटलं. आठला किटली विसळायला बाहेर आला तेव्हा त्याने गार्नेटला पाण्यात पाहिलं.

वीस मिनिटं. तो धप्प आवाज गार्नेटच्या पडण्याचा असणार. दोर बदलून बांधायला गार्नेटला एक मिनिट पुरे होतं. वीस मिनिटांत त्याने खुंटीला हात लावला नाही, याचा अर्थ एकच: दोर घेणारा गेलाच नव्हता. तो वीस मिनिटं गार्नेटसमोर उभा होता, आणि गार्नेट रीत पाळत होता.

दुसरी साल्मे कास्क. मारेनची आई. दरवर्षी अपघाताच्या या दिवशी ती इथे येई आणि उजाडताना बेटाच्या टोकावरच्या खडकावरून पाण्यात फुलं सोडी. गार्नेटही येई. तो नुसता धक्क्यावर टोपी काढून उभा राही आणि निघून जाई. चौदा वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

"मला वाईट वाटत नाहीये," साल्मे म्हणाली. "तुला खोटं सांगू का?"

"नको सांगूस."

"पाचला मी टोकावर होते. तिथून धक्का दिसत नाही. एकटीच होते, साक्षीला कुणी नाही. मला पकडायचं तर पकड. पण एक सांगते, मारायचा असता तर मी तेव्हाच मारला असता. इतकी वर्षं वाट कशाला बघू?"

तिसरा वेंडेल. गार्नेटला पाण्यातून ओढून काढलं ते त्यानेच. अजून त्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. पूर्वेच्या समुद्राकाठचा माणूस, चाळीस वर्षांमागे नदीवर आला तो इथलाच झाला. गावातल्या निम्म्या पोरांना त्याने पोहायला शिकवलेलं, बुडत्यांना वाचवणाऱ्या तुकडीचा तो म्होरक्या. त्या अपघाताच्या वर्षी त्याने दाढी राखली ती पुन्हा काढली नाही. मित्र तुरुंगात गेला म्हणून त्याने वैराग्य घेतलं, असं लोक कौतुकाने म्हणत. त्याच्या बोटीवर पाय ठेवायला आर्डिथला मोठी ढांग टाकावी लागली. गुडघ्याने तक्रार केली.

"फौजदारीणबाई," तो म्हणाला. तिला तो कायम याच नावाने हाक मारी. आज त्यात चेष्टा नव्हती. "मी सातला उठलो. पाचलाच उठलो असतो तर?"

त्याचे डोळे लाल झाले होते. ते रडणं खोटं नव्हतं, हे आर्डिथने पुढे अनेकांना सांगितलं. ती त्याच्या खांद्यावर थोपटून उतरली.

साडेदहा वाजले होते. तिने गार्नेटची केबिन पुन्हा उलटीपालटी केली. या वेळी बाटली शोधत नव्हती; त्याला काय सांगायचं होतं ते शोधत होती. नकाशांच्या खणात इस्पितळाचं पाकीट सापडलं, महिन्याभरापूर्वीचं. पाठ दुखते म्हणून त्याने एक्स-रे फोटो काढून घेतले होते. नव्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं की उजव्या खांद्याचं पातं आणि मागच्या दोन फासळ्या फार पूर्वी मोडून आपोआप जुळलेल्या दिसतात. दहा-पंधरा वर्षांमागे पाठीवर जबर आपटला होतात का? त्या ओळीखाली गार्नेटने पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि समासात दोनच शब्द लिहिले होते: "मागची सीट."

आर्डिथने ती ओळ पुन्हा वाचली. गार्नेटच्या त्या जुन्या बोटीत सुकाणूच्या खुर्चीला पाठ लावून एक सीट होती, मागे तोंड केलेली. धडक बसली की सुकाणूवरचा माणूस छातीवर आणि तोंडावर आपटतो. पाठ मोडते ती त्याच्यामागे उलट्या तोंडाने बसलेल्याची.

४

अकराला जहाज आलं. धान्य वाहणारं लांबलचक जहाज, खोल पाण्याच्या वाटेने संथपणे गेलं. अशी जहाजं दिवसातून दहा जातात, कुणी मान वर करून बघत नाही. पण जहाज पुढे गेलं की त्याच्यामागे नदी आधी ओढली जाते आणि मग परत येते. आर्डिथ केबिनच्या दारात उभी होती. तिच्या पायाखालची गार्नेटची बोट धक्क्यापासून लांब गेली, थबकली आणि धप्पकन परत येऊन आपटली.

तिने चटकन बाकीच्या बोटींकडे पाहिलं. साल्मेची बोट जागच्या जागी जेमतेम हलली. रेजांची गाठींत जखडलेली होती. वेंडेलची मात्र गार्नेटच्या बोटीसारखीच लांब गेली आणि तशीच परत येऊन आपटली. पोलिसांची लाँच सोडली तर धक्क्याला पाच बोटी होत्या, त्यांत दोनच बोटींचे दोर सैल होते, आणि दोन्हींना सारखीच ढील होती, दोन हातांची.

तिने हॅल्डेनला बोलावलं. थीयालाही बोलावलं. साल्मे आपण होऊन आली. वेंडेल धक्क्यावरच होता.

"वेंडेल," आर्डिथ म्हणाली, "तुझ्या गावी भरती केवढी येते रे?"

"फंडीच्या आखातावर? दोन माणसांएवढी तर रोजचीच. का?"

"म्हणजे बोट घट्ट बांधली तर?"

"ओहोटीला धक्क्यावर टांगली जाईल. आमच्याकडे दोर ढिला सोडायला पोर चालण्याआधी शिकतं." बोलता बोलता तो थांबला. त्याची नजर गार्नेटच्या दोराकडे गेली, मग स्वतःच्या.

"या नदीला भरती नाही," आर्डिथ म्हणाली. "इथे सगळे घट्ट बांधतात. तू चाळीस वर्षं आमचे दोर घेतोस आणि चाळीस वर्षं दोन हात ढिले बांधतोस. तू केबिनमध्ये गेलास की आम्ही पुन्हा बांधतो. मी बांधते. गार्नेट बांधायचा."

"मीही," साल्मे म्हणाली. "दर वर्षी. कालही."

वेंडेल एकेकाकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर गुन्हेगाराची भीती नव्हती. जेवायला बसवून ज्याच्या पाठीमागे हसलं गेलं, त्या माणसाचा अपमान होता.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुझं मन मोडू नये म्हणून."

मग तिने उरलेलं सांगून टाकलं. दोर झेलून बांधलेला होता. वीस मिनिटं गार्नेटला तो सोडता आला नाही, कारण बांधणारा समोरून हललाच नाही. आणि बांधणाऱ्याचा हात समुद्रकाठचा होता. तिने पाकिटातला कागद हॅल्डेनच्या हातात दिला. त्या दिवशी बोटीत दोघंच होते आणि सुकाणूवर गार्नेट नव्हता. हॅल्डेनने कागद दोनदा वाचला. साल्मे वेंडेलकडे वळली.

"त्या संध्याकाळी तू हनुवटीला पंचा दाबून बसला होतास," आर्डिथ म्हणाली. "पोरीला वर घ्यायला वाकताना कठड्याला लागलं म्हणालास. दाढी वर कर, वेंडेल."

त्याने बोटांनी दाढी सारली. हनुवटीच्या खाली पांढरा, वाकडा व्रण होता, सुकाणूच्या चाकाएवढ्या वळणाचा.

"दोनच पेग घेतले होते मी," तो म्हणाला. "त्याने बाटली संपवली होती. तो शुद्धीवर नव्हता, त्याला मी पुढे ओढून बसवलं. मला वाटलं, एकदोन दिवसांत सांगून टाकीन. मग तुम्ही सगळे माझे हात हातात घेऊन म्हणायला लागलात, बिचारा वेंडेल, कसा मित्र मिळाला."

"आज सकाळी?"

"त्याचा दोर घेतला. नेहमीसारखा. तो भांडला नाही. नऊला आर्डिथ येईल, तिला तू सांग, मी सांगणार नाही, एवढंच म्हणत राहिला. मी विनवण्या केल्या. आता या वयात कशाला, म्हटलं. तो म्हणाला, साल्मे चौदा वर्षं भलत्याच माणसाचा तिरस्कार करतेय, तिला खरं कळू दे. मग मी ढकललं. डोकं कडेवर आपटलं. मधल्या फटीत गेला आणि एक हात वर आला." त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. "मी शेकडो जणांना बाहेर काढलंय. मी नुसता उभा राहिलो."

आणि मग स्वतःच्या बोटीवरची राय आणून त्याने मेलेल्याच्या जाकिटावर ओतली. हे मात्र तो बोलला नाही. हॅल्डेनने त्याला लाँचवर नेलं. रेजां आपल्या बोटीच्या दारात उभा होता. त्याने छातीवर क्रूस काढला आणि आत गेला. साल्मे ताडपत्रीपाशी गेली, एक कोपरा वाऱ्याने उडत होता तो तिने गार्नेटच्या पायाखाली नीट खोचला आणि तिथेच फळीवर बसून राहिली.

५

बाराला दहा मिनिटं होती. थीया धक्क्याच्या टोकाला उभी होती. आर्डिथ तिच्याजवळ गेली. आपला शब्द खरा ठरला याचं तिला काडीचंही समाधान नव्हतं.

"प्यायले नव्हते," ती म्हणाली. "आज नाही, चौदा वर्षांत कधीच नाही. आणि त्या संध्याकाळी प्यायले होते, पण बोट चालवत नव्हते. मी चुकीचं लिहिलं. गावात जाऊन मी ते पुन्हा लिहून देणार आहे, सहीनिशी. त्याने ते काही परत येणार नाहीत, हे मला कळतंय."

थीया पाण्याकडेच बघत होती. "तेव्हा तुम्ही त्यांना विचारलं होतं? शुद्धीवर आल्यावर?"

"काय?"

"बोट कोण चालवत होतं, ते."

आर्डिथला खोटं बोलता आलं असतं. ते पडताळायला आता कुणी उरलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "वास येत होता. म्हणून विचारलं नाही."

लाँचचं इंजिन सुरू झालं. हॅल्डेनने हात करून थीयाला बोलावलं. तिने मानेनेच नाही म्हटलं, आणि तो समजला. लाँच दूर गेली. मग थीया म्हणाली, "आता मला विचारा."

"काय विचारू?"

"ते दोन वर्षं आत होते, तेव्हा मी किती वेळा भेटायला गेले."

आर्डिथला विचारायचं नव्हतं. तरी तिने विचारलं.

"एकदाही नाही," थीया म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच रडायला लागली.